कचऱ्याच्या डब्यातल्या मासोळ्या

मासोळीचं चित्र काढणं सोपं असतं असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. दोन कमानी, मागे शेपूट, पुढे डोळा, संपला विषय. मी दहावीला भूमिती शिकवतो, कमानी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. तर मी मोबाइलच्या बटणावर बसेल अशी मासोळी काढली आणि मोठ्या अभिमानानं तबस्सुमला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवली. तिनं पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. आणि विचारलं, "वांग्याचं ॲप करून राह्यले का?"

आमच्या घरात एरवी हिंदी चालते. पण अपमान करायचा असला की तबस्सुम मराठीत येते. मराठीत तो नीट बसतो, असं तिचं मत आहे.

पण मी मागे हटणारा नव्हतो, कारण वीस जानेवारीला जीप येणार होती.

जीप मुकादम इस्तारीची. दरवर्षी चिचबोडीच्या बायामाणसांना भरून तो तेलंगणात मिरची तोडायला नेतो. आणि यंदा कुंताबाई जाणार होती. कुंताबाई म्हणजे आमच्या गल्लीत अकरा वर्षांपासून मासोळी आणणारी बाई. चिचबोडीच्या तलावावरून निघायचं, आठ किलोमीटर चालत आमच्या मूल गावात यायचं, मग दारोदार "मासोळीऽऽ" करत फिरायचं. शेवटच्या घरी पोचेपर्यंत दुपार, मासोळी मऊ, आणि घरोघरी वरणाला फोडणी बसलेली. निम्मा माल डोक्यावर परत.

ती जाते तर जावो, असं मी म्हटलंही असतं. पण तिच्याबरोबर रोशनी जाणार होती. रोशनी तिची पोरगी, माझ्या वर्गात, दहावी ब. परीक्षा महिन्यावर आलेली. या पोरीनं पायथागोरसचा सिद्धांत एकदा माझ्यापेक्षा सरळ सिद्ध करून दाखवला होता. ते मी तिच्यासमोर कबूल केलं नाही, तो भाग वेगळा.

"तिले ठेवून जा ना," मी म्हणालो.

"मंग लहान्याले कोण पाहीन, गुरुजी? तिथी भाकरी कोण टाकीन?" कुंताबाई म्हणाली. "मले का हौस हाय का? सकाळीच समजलं असतं ना, कोणाले पाह्यजे अन् कोणाले नाई, तर सरळ त्याच घरी गेली असती. वेळ वाचला असता, मासोळी खपली असती. मंग कायले पाह्यजे मिरची?"

आणि मी, रईस शेख, वय चोपन्न, दारात उभा राहून बोलून गेलो, "मी ॲप बनवून देतो."

लॉकडाऊनमध्ये मी ॲप बनवण्याचा ऑनलाइन कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट बैठकीत फ्रेम करून लावलेलं आहे. त्यानंतर मी एकही ॲप बनवलं नव्हतं, हे फ्रेमवरून कळत नाही.

तर वांग्यानंतर मला साक्षात्कार झाला की चित्रं काढायची गरजच नाही. फोनच्या पोटात शेकडो चिन्हं आधीच भरून ठेवलेली असतात. कचऱ्याचा डबा, भिंग, पेन्सिल, बरोबरची खूण. सगळी तयार, सगळी फुकट, आणि सुबक इतकी की तबस्सुमला बोट ठेवायला जागा नाही. मासोळी तेवढी त्यात नव्हती. ती बनवणाऱ्यांच्या गावात तलाव नसावा. पण मासोळीवाचून माझं काही अडत नव्हतं. मागणी शोधायला भिंग, बदलायला पेन्सिल, खोडायला कचऱ्याचा डबा. झालं की!

कुठलं झालं! ही चिन्हं ॲपच्या वरच्या पट्टीवर निमूट बसत. पण मी स्वतः केलेल्या बटणावर ठेवलं की गडप. नुसता राखाडी चौकोन. तहसीलची खुर्ची तहसीलमध्येच बसायला मिळते, घरी नेता येत नाही, तशातला प्रकार. मी रोज संध्याकाळी शाळेतून आलो की त्या चौकोनासमोर बसायचो. तबस्सुमनं चहा ठेवायचा आणि विचारायचं, "आला का डबा?" चौथ्या संध्याकाळी उलगडा झाला. चिन्हाला त्याच्या पूर्ण नावानं, कुठल्या कपाटातलं ते सांगून बोलवावं लागतं. नुसतं "ए डब्या" म्हटलं तर तो येत नाही. मान त्यालाही पाहिजे. मी पूर्ण नाव लिहिलं आणि माझ्या हिरव्या बटणावर कचऱ्याचा डबा ऐटीत येऊन बसला. मी टाळी वाजवली.

"मच्छर मारला का?" आतून आवाज आला.

बातमी गल्लीत पसरली, आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे नवाबभाई, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, कूलरच्या जाळ्यांपासून मासोळीच्या डब्यांपर्यंत सगळं करतात. ते म्हणाले, "मास्तर, बटन मोठं करा. मासोळीवालीचं बोट ओलं राह्यते." हा सल्ला चांगला होता, म्हणून मला राग आला. समोरच्या कमळाबाई, अंगणवाडीतून निवृत्त, त्यांनी सांगितलं की बटणाला आवाज द्या, कोंबड्याचा. मी म्हणालो, कमळाबाई, हे मासोळीचं ॲप आहे. त्या म्हणाल्या, "मंग मासोळीचा द्या." मी घरात गेलो.

मग मी ठरवलं की बाजारात एक पोस्टर लावू. कुठलं बटण कशासाठी, सगळं चित्रांसकट. परवानगीसाठी कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं पोस्टर उलटसुलट पाहिलं आणि चेहरा असा केला की जणू मी बॉम्ब आणलाय.

"सर, निवडणुकीची आचारसंहिता सुरू हाय. तुम्ही चिन्हांचा प्रचार करून राह्यले."

"ही मोबाइलची चिन्हं आहेत हो!"

"पेन्सिल हाय ना?" त्यानं यादी काढली. "पेन्सिल अपक्षाले गेली. भिंग, हे पाहा, भिंग बी गेलं." तो डब्यावर येऊन थांबला. "कचऱ्याचा डबा अजून कोणी घेतला नाई. पण सांगता येत नाई, यादी अजून पक्की झाली नाई."

मी गणिताचा माणूस, मी वाद घातला. चिन्ह आणि त्याचा वापर यांतला फरक मी त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कोणत्या वॉर्डातून उभे हाय तुम्ही?" परवानगी मिळाली नाही. पोस्टर घरी आणून मी कपाटामागे ठेवलं आणि ॲपची फाईल सरळ व्हॉट्सॲपवर गल्लीत आणि कुंताबाईच्या फोनवर पाठवून दिली. शिकल्या-सवरलेल्या लोकांना भिंग आणि डबा समजावून सांगायची गरज काय!

पहिला दिवस चौदा जानेवारी. सकाळी सातलाच मागण्या आल्या. तेरा! मी शाळेत जाताना छाती काढून गेलो. मधल्या सुट्टीत पाहतो तर फोनवर नवाबभाईंचे सहा कॉल.

"मास्तर, माझी मागणी रद्द झाली म्हणते! मी अंडे आणले ना आता!"

मी स्कूटर काढून घरी पळालो. एकट्या नवाबभाईंची नाही. तेराच्या तेरा रद्द, आणि त्याही कुंताबाईच्याच फोनवरून, डबा दाबून. सगळ्यांना माझ्या ॲपनं अदबीनं कळवलं होतं, "आपली मागणी खोडण्यात आली आहे." लोकांनी कोणी अंडी आणली, कोणी वरणावर भागवलं. आणि दुपारी बाराला कुंताबाई भरलेल्या डब्यांसकट गल्लीत हजर. हातातल्या फोनमध्ये ना नाव ना घर ना मागणी. तिला कोणाकडे जायचं तेच कळेना. मग ती पुन्हा दारोदार "मासोळीऽऽ" करत फिरली आणि दारोदार तिला अंड्यांचा वास आला. एवढ्यात कमळाबाई कमरेवर हात ठेवून अंगणात. त्या म्हणाल्या, "मी तं झाऱ्याचं बटन दाबलं होतं, तळलेली पाह्यजे म्हून. ही कच्चीच घेऊन आली!" मला कळेना कुठला झारा. त्यांनी फोन पुढे केला. भिंग होतं. गोल, आणि खाली दांडा.

कुंताबाईनं माझ्या पायरीवर डबे ठेवले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "राहू द्या, गुरुजी. मी जातो मिरचीले. तुमचा बी वेळ चालला, माझा बी चालला."

मला फार लागलं. एक तर माझं चुकलं नव्हतं. मी डबा बरोबर बसवला होता. ती डबा दाबते कशाला?

तेच विचारायला दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटरवर चिचबोडीला गेलो. त्या रस्त्यावर वाघाचं येणंजाणं आहे, म्हणून हॉर्न वाजवत गेलो. तलावाच्या पाळीवर कुंताबाई जाळं झटकत होती, रोशनी वही मांडीवर घेऊन बसली होती. मी फोन काढला, डब्यावर बोट ठेवलं आणि वर्गातला आवाज लावला.

"कुंताबाई, हे काय आहे?"

"मासोळीचा डबा."

"हा कचऱ्याचा डबा आहे!"

"कचऱ्याचा?" ती रोशनीकडे पाहून हसायला लागली. "गुरुजी, कचऱ्याले डबा? अन् त्याले झाकण? आमचा कचरा उकिरड्यावर जाते. त्याले कायचं झाकण!"

मग ती उठली आणि पाळीवरून स्वतःचा डबा घेऊन आली. पत्र्याचा, वरून रुंद, खाली निमुळता. झाकणावर कडी. आणि समोर, पाणी गळून जावं म्हणून, तीन उभ्या फटी. मी डबा पाहिला. फोन पाहिला. परत डबा पाहिला. एका रेषेचाही फरक नव्हता. चिचबोडीतल्या झाडून सगळ्या बाया याच डब्यात मासोळी भरतात, आणि ते सगळे डबे आमच्या नवाबभाईंनी वेल्डिंग केलेले.

"एकाची मासोळी डब्यात टाकली का मी हा डबा दाबला," कुंताबाई समजावून सांगायला लागली, मी दहावी ब मध्ये असल्यासारखं. "हे झालं, आता दुसऱ्याची. त्याची टाकली, पुन्हा दाबला. चुकली का मी?"

रोशनी वहीत पाहत हळूच म्हणाली, "सर, आईचं लॉजिक बरोबर हाय."

वर्गात मी तिला यासाठी उभं केलं असतं. इथे मी स्वतः उभा होतो.

परत आल्यावर नवाबभाईंना फोन दाखवला, तर ते वेगळेच भडकले. "मास्तर, हे तं माझं डिझाइन हाय! दोन हजार नऊपासून बनवून राह्यलो मी! कंपनीवर केस टाकतो." त्यांना आवरता आवरता माझी संध्याकाळची, मगरिबची नमाज निघून जायची वेळ आली. पण त्या गडबडीत मला जे सुचलं ते सुचलं. चिन्ह फोनवाल्यांचं असेल, बटण माझं आहे. बटणावर बोट पडल्यावर काय व्हावं हे मी ठरवणार. अख्ख्या चिचबोडीला शिकवत बसण्यापेक्षा मी चार ओळी बदलतो. कचऱ्याच्या डब्यानं यापुढे काही खोडायचं नाही. तो दाबला की मागणी पक्की होणार आणि कुंताबाईच्या फोनवर "घरी न्यायच्या" यादीत, घराच्या क्रमानं, जाऊन बसणार. भिंग काढून टाकलं. जगातल्या प्रत्येक फोनमध्ये डबा म्हणजे नाश असेल. मूल तालुक्यात तो मासोळीचा.

शनिवारी सगळं तयार झालं. कुंताबाईला निरोप पाठवला, उद्याचा एक रविवार माझ्यासाठी. ती म्हणाली, एकच. मी नीट चाचणी घेतली. चाचणीला नावं लागतात म्हणून गल्लीतल्यांची घातली, नवाबभाई, कमळाबाई, पार कोपऱ्यातल्या डॉक्टरांपर्यंत. प्रत्येकी सव्वा किलो रोहू. अकरा मागण्या. सगळ्या सुरळीत गेल्या. मग खोट्या मागण्या ठेवायच्या कशाला, म्हणून मी त्या एकेक करून डब्यात टाकल्या. पडदा स्वच्छ झाला. मी समाधानानं चहा प्यायलो.

सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. चोपन्न वर्षांच्या शिकलेल्या हातानं डबा दाबला तो खोडायलाच दाबला.

रविवारी सकाळी नऊला कुंताबाई आणि रोशनी ऑटोतून उतरल्या. गावातल्या चार बायांचे डबे मागून आणले होते. "गुरुजी, पाच मागण्या लोकांच्या अन् अकरा तुम्ही डब्यात टाकलेल्या. रोशनी म्हणे, आई, एवढ्या कशा? मी म्हटलं, सरानं स्वतः टाकल्या, मंग खऱ्याच असतीन."

अकरा गुणिले सव्वा म्हणजे पावणेचौदा किलो रोहू माझ्या पायरीवर होती. तबस्सुमनं दार उघडलं, पाहिलं, आणि मराठीत आली. "आता याले पोहाले शिकवा," ती म्हणाली.

खरं काय ते त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि रोशनीनं अकरा नावांची यादी सुरेख अक्षरात वहीत उतरवलेली दिसली. तोंड मिटलं. मी पायजम्याच्या बाह्या... पायजम्याला बाह्या नसतात, कुडत्याच्या बाह्या वर केल्या, दोन डबे उचलले आणि म्हणालो, "चला, मी घरं दाखवतो."

सत्तावीस वर्षं ज्या गल्लीत लोकांनी मला "नमस्ते सर" केलं, त्या गल्लीत मी मासोळी घेऊन दारोदार गेलो. नववीची तीन पोरं सायकल थांबवून पाहत राहिली. नवाबभाई म्हणाले, "मी कवा मागवली?" मी दात आवळून म्हणालो, "मागवली तुम्ही." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मागे कुंताबाईकडे पाहिलं, आणि गुपचूप भांडं आणलं. देव त्यांना बरकत देवो. कमळाबाईंनी मात्र रोहूचे कल्ले उघडून पाहिले, लालभडक. "अवो, एवढी ताजी? अकरा वर्षांत नाई आणली तू!" डॉक्टर शाकाहारी निघाले. त्यांची मी घेतली.

साडेदहाला डबे रिकामे. कुंताबाई हसत होती, मी पहिल्यांदा तिला पायरीवर निवांत बसलेली पाहत होतो. आणि नेमके त्याच वेळी नवाबभाई कुंपणावरून ओरडले, "मास्तर, पुढच्या टायमाले माझ्या नावानं टाकाल तं झिंगे टाका!"

कुंताबाईचं हसू गेलं. तिनं मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तिनं पदर खोचला. मग डबे एकात एक घातले.

"गुरुजी, तुम्ही भला माणूस. पण मले दया नोको. दयेची मासोळी एक दिवस खपते. मंगळवारी मी जातो."

रोशनीनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पोरीला वर्गात कितीदा रागावलो असेन, पण एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. सोमवारी ती शाळेत आली नाही. दिवसभर मी फळ्यावर वर्तुळं काढली आणि एकही गोल आलं नाही.

मंगळवारी, वीस तारखेला, उजाडल्या उजाडल्या मी चिचबोडीला पोचलो. का गेलो ते मलाच माहीत नव्हतं. जीप चावडीसमोर उभी. आत बायामाणसं दाटीवाटीनं, रोशनी मागच्या बाकावर, मांडीवर लहान भाऊ. कुंताबाईचं गाठोडं टपावर चढलेलं. इस्तारी घाई करत होता.

"कुंताबाई, फोन उघडा," मी म्हणालो.

"राहू द्या ना आता, गुरुजी."

रोशनीनं खिडकीतूनच फोन उघडला. नऊ मागण्या होत्या. मला माहीत नव्हत्या, अल्लाची शपथ. तिनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं.

कुंताबाईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "ह्या बी तुमच्याच?"

"नाही हो! कुणाचीही शपथ घेतो!"

"शपथ नोको," ती म्हणाली आणि रोशनीला म्हणाली, "लाव फोन. पह्यल्या नावाले."

पहिलं नाव कमळाबाईंचं. फोन लागला. कुंताबाई बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, इतका मोठा की जीपमधल्या बायांनीही ऐकला.

"कुठी हायेस गं? जावई येऊन बसला घरी! परवासारखी आण, अन् लवकर ये! कोंबडं कापू का मंग?"

"नोको कापू," कुंताबाई म्हणाली. "आणतो."

मग तिनं फोन कमरेला खोवला आणि टपाकडे मान केली. "इस्तारीभाऊ, माझं गाठोडं खाली टाक."

"अवो बाई, माणसं मोजून आणले मी! ऐन टायमावर काऊन?"

"लोकं जेवाले थांबून राह्यले," ती म्हणाली. एवढंच. आणि रोशनी भावाला कडेवर घेऊन उतरली.

शाळेत मी पाऊण तास उशिरा पोचलो. हेडमास्तरांनी विचारलं, मी सांगितलं, रस्त्यात वाघ होता. दहावी ब मध्ये गेलो, हजेरीपट उघडला. एकेक नाव घेत खाली आलो.

"रोशनी."

"हजर, सर." ऑटोतून उतरून पळत आली होती, अजून धापा टाकत होती. तिच्या हाताला मासोळीचा वास येत असणार.

मी खूण केली. पुढचं नाव घ्यायचं होतं.

"रोशनी," मी परत म्हणालो.

"हजर हाय ना सर! दोनदा काऊन घेता?"

सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, हजेरी माझी आहे, मी पाहिजे तेवढ्या वेळा घेईन, खाली बसा. आणि चष्मा पुसत बसलो.